चौदा नंबरचा निळा

९ जानेवारी

आत्या,

आधी बातमी, मग तुझी चौकशी, नाहीतर मला दम निघणार नाही. तू सप्टेंबरात पाठवलेल्या पुडीतला रंग चालला! माझ्या गाईड मॅडम, ज्या तीन वर्षांत एकदाही ‘छान’ म्हणाल्या नव्हत्या, त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाल्या, “हं.” त्यांचं ‘हं’ म्हणजे बाकीच्यांच्या टाळ्या.

तुला नीट सांगते, कारण फोनवर सांगत होते तेव्हा मागे तुमच्या रंगखात्यातली यंत्रं इतकी धडधडत होती, की तू फक्त “जेवलीस का?” एवढंच विचारलंस.

मी ज्याच्यावर काम करते ते एक प्रकारचं मीठ आहे. त्याचे दोन भाग असतात, एक धन आणि एक ऋण, पण यातल्या एका भागाला लांबलचक शेपूट असते. त्यामुळे ते खड्यासारखं घट्ट होत नाही, मधासारखं वाहतं. गंमत अशी, की वाहत असूनही आतले रेणू एकाच दिशेला तोंड करून रांगेत असतात. याला द्रव स्फटिक म्हणतात. हे मी काचेच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत भरते. काचा आधी मखमलीनं एकाच दिशेनं घासायच्या, म्हणजे रांगाही त्याच दिशेनं लागतात. (मखमल तू दिलेल्या तुकड्यातली. कापून कापून आता रुमालाएवढी उरली आहे.)

आता त्यात चिमूटभर रंग टाकला, आणि रंगाचे रेणूही त्या रांगेत उभे राहिले, तर काच एका दिशेच्या प्रकाशात गडद निळी दिसते आणि आडव्या दिशेच्या प्रकाशात जवळजवळ बिनरंगी. रेणू उभा असला तर उभा प्रकाश गिळतो, आडवा सोडून देतो. पण बहुतेक रंग या मिठात गुठळ्या करून बसतात. कंपनीकडून मागवलेला रंग यायला चार महिने लागणार होते, म्हणून मी तुझ्यापुढे हात पसरले आणि तू चौदा नंबरच्या डब्यातला निळा पाठवलास. तो शहाण्यासारखा रांगेत उभा राहिला.

आणखी एक. हा निळा कोणता प्रकाश सर्वांत जास्त गिळतो, त्याचा एक आकडा पुस्तकात असतो. माझ्या काचेत तो आकडा तब्बल सव्वीसनं सरकलाय. म्हणजे मिठानं रंगाचा स्वभावच बदलला! हे आधी कुणी पाहिलेलं नाही. लेखाचं नावसुद्धा आम्ही त्यावरून ठेवलं आणि लेख परवा जर्नलला पाठवून दिला.

तू कशी आहेस? पत्रातच लिही. फोनवर तू “बरं आहे” म्हणून सुटतेस.

तुझी ठमी

१८ जानेवारी

ठमे,

शाबास गं! तुझं पत्र मी खात्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, थोडं तिखटमीठ लावून. भांडारवाले आता मला ‘शास्त्रज्ञ बाई’ म्हणतात आणि चहा आधी मला देतात.

पण मला एक सांग. मिठाशिवाय सुती कापडाला रंग धरत नाही, हे मी बत्तीस वर्षं घसा फोडून सांगतेय. त्यावर तुमच्याकडे पीएच.डी. देतात होय? मग माझ्या किती झाल्या? असो. तुला चांगलं मीठ मिळत नसेल म्हणून आमच्या खात्यातलं अर्धा किलो सोबत पाठवलंय. कोरडं आहे, गुठळी नाही. शेपटाचं मात्र आमच्याकडे येत नाही.

इकडे नवीन म्हणजे मालकीणबाईंनी रंग मोजायचं मशीन आणलंय. कापड त्याच्या तोंडाशी धरायचं, ते ‘टिक’ करतं आणि पडद्यावर आकडे येतात. मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, तुमच्या मदतीला आणलंय.” मी म्हटलं, “आणा, माझं काय जातंय.” मनात म्हटलं, इथे डब्यांवरची लेबलं वाफेनं कधीच गळून पडलीत. तीस-बत्तीस डबे मी नुसत्या नजरेनं ओळखते. पुडी उघडून बोटाच्या टोकावर कण घेतला की झालं. मशीन ते करणार आहे का? नाक मुरडलेलं त्यांना दिसलं असणार.

माझी तब्येत ठणठणीत. अक्षर मोठं दिसत असेल तर पेन जाड आहे. खालच्या स्टेशनरीवाल्यानं गळ्यात मारलं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

मीठ पोचलं. आमच्या मजल्यावरचे सगळे पोट धरून हसले आणि मग मॅडमनी ते चक्क ओलावा शोषायच्या भांड्यात घातलं. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

आता न हसण्यासारखी गोष्ट. लेख तपासणाऱ्या परीक्षकांचं उत्तर आलं. लेख आवडला, पण त्यांची एक अट आहे. प्रयोग पुन्हा करून दाखवा, दर वेळी नव्या काचेत, किमान तीन वेळा. बरोबरच आहे. तुझी पुडी तर डिसेंबरातच संपली होती, पण मधल्या काळात कंपनीचा शुद्ध रंग आला होता, त्याच नावाचा. म्हटलं, हा तर आणखी चांगला चालेल.

चालला नाही. मिठात टाकला की ढगासारखा पसरतो, मग बारीक ठिपके धरतो. काच फिरवा नाहीतर उलटी टांगा, रंग तसाच. सहा काचा केल्या. सहाही तशाच.

मला वाटतं, तुझ्या रंगात कंपनीच्या रंगात नसलेलं काहीतरी असणार. तुम्ही लोक रंग पातळ करायला त्यात काहीतरी मिसळता ना? तेच कदाचित कामाचं असेल. तर चौदा नंबरमधला आणखी थोडा पाठव, लवकर. परीक्षकांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उत्तर द्यायचंय. लेख गेला तर प्रबंधातलं मुख्य प्रकरण जातं, आणि जूनअखेर प्रबंध नाही दिला तर विद्यापीठ आणखी मुदत देत नाही. म्हणजे चार वर्षं पाण्यात. मी घाबरलेली नाही असं बाबांना सांगितलंय. तुला खोटं सांगत नाही, माझं धाबं दणाणलंय.

सोबत एक भेट. एक भरलेली काच पाठवतेय, आणि एक करडी फिल्म. ही फिल्म एकाच दिशेचा प्रकाश पलीकडे सोडते. काच खिडकीकडे धर, फिल्म डोळ्यापुढे धर आणि हळूहळू फिरव. निळा येईल नि जाईल. तुझ्याच रंगाची करामत आहे, तू बघायलाच हवी.

ठमी

११ फेब्रुवारी

ठमे,

पुडी सोबत आहे, चांगली दहा ग्रॅम. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून या वेळी मी शिडी चढले नाही. भांडारवाल्यांनी चौदाचा डबा वहीत बघून काढला आणि पुडीही त्यांनीच बांधली.

आणि काय गं बाई तुझी ती काच! फिल्म फिरवली की निळा जातो, फिरवली की परत येतो. मी तर खिडकीत उभी राहून खेळतच बसले. समोरच्या गच्चीवरची बाई विचारायला लागली, ताई, कसली खूण करताय? बत्तीस वर्षांत असा रंग पाहिला नाही गं. तुझ्या मॅडमना सांग, आत्या म्हणाली, ‘हं’ कमी पडतं, ‘वा’ म्हणा.

तू घाबरू नकोस. रंग आहे तो, कधीकधी रुसतो. आमच्याकडेही मागच्या महिन्यात एक लॉट परत आला, पडद्यांचं कापड. म्हणे निळा सांगितला होता, हिरवट दिलात. मी म्हटलं, त्यांच्या दुकानातल्या ट्यूबलाईटचा दोष. मालकीणबाई मशीनवर टिक-टिक करत बसल्या.

डोळ्यांत तेल घालून काम कर. होईल सगळं.

आत्या

२६ फेब्रुवारी

आत्या,

दुसरी पुडीही चालली नाही. कंपनीच्या रंगासारखीच, ढग आणि ठिपके. तीन वेळा केलं, एकदा तर मॅडमनी स्वतः शेजारी बसून माझा हात बघितला. शेवटी त्या म्हणाल्या, “एकदा आलेलं म्हणजे आलेलं नव्हे.” रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता दुसरं लिहायचंय आणि ते लिहायला मी दोन दिवस घेतले.

काल खण आवरताना मला ती चांगली काच सापडली. डिसेंबरातली, तुझ्या पहिल्या पुडीची. मी तर समजत होते, की ती तुला पाठवली. मग तुला गेली कोणती? वहीत शोधलं. तुला गेली ती न चाललेल्या सहांपैकी होती. घाईत चुकीचा डबा उचलला. आत्या, त्या काचेत काहीच येत-जात नाही. ती कशीही फिरव, तशीच दिसते.

आधी मला हसू आलं. म्हटलं, आत्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मग तुझी पत्रं काढून ओळीनं मांडली. अक्षरं वर्षभरात मोठी होत गेलीत. जाड पेनानं ओळ तिरकी होत नाही. आणि गुडघे दुखतात म्हणून तू शिडी चढली नाहीस, हे मला पटत नाही. गेल्या वर्षी तू आमच्याकडे माळ्यावर चढून माझ्या आधी उतरली होतीस.

तुझे डोळे बरे आहेत ना? मला खरं सांग. मी बाबांना काही बोललेले नाही.

ठमी

१० मार्च

आत्या,

उत्तर नाही. फोन वाजून बंद होतो. बाबांनी फोन केला तर त्यांना म्हणालीस, कामात आहे.

मी दुखावलं असेल तर माफ कर. तुझ्या कामाबद्दल मला शंका नव्हती, तुझी काळजी वाटली, एवढंच. मी सगळं नीट लिहायला हवं होतं, पण त्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

इकडचं सांगते. मी लेख मागे घ्यायचं ठरवलंय. सोमवारी मॅडमना सांगणार आहे. जे दुसऱ्यांदा येत नाही त्यावर आपलं नाव लावणं जिवावर येतं. मॅडमनी विचारलं, “पहिल्या वेळी काय वेगळं होतं?” मी म्हटलं, “काहीच नाही.” खरंच काही नव्हतं.

पत्र नको, नुसता कोरा कागद पाठव. मला कळेल, की तू रुसली नाहीस.

ठमी

१४ मार्च, दुपार

ठमे,

लेख मागे घेऊ नकोस. हे पहिलं लिहिलं, कारण बाकीचं लिहिताना मी पुन्हा कागद फाडला तरी एवढं तरी पोचावं. पत्र माणसाहाती पाठवतेय, सोमवारच्या आत मिळेल.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र वाचून मला इतका राग आला, की मी ते चुलीत घालणार होते, पण माझ्याकडे गॅस आहे. म्हटलं, टीचभर पोर मला डोळे विचारते! दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. तिसऱ्या दिवशी भांडण संपलं, कारण तुझं बरोबर होतं. वर्षभर मला सगळं पिवळट धुक्यातून दिसतंय. काच बघितली तेव्हा काहीच बदललं नाही. मला वाटलं, बदलत असणार, मलाच दिसत नाही. म्हणून लिहून टाकलं, वा वा. तू इतक्या हौसेनं पाठवली होतीस.

पण एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. डोळे माझे आहेत, कुणाला सांगायचं ते मी ठरवेन. झालं असं, की तुझं दहा तारखेचं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, ‘पहिल्या वेळी काय वेगळं होतं? काहीच नाही.’ ते वाचून काळजात चर्र झालं. कारण वेगळं होतं. पहिली पुडी मी बांधली होती, दुसरी मी बांधली नव्हती.

दुसरी पुडी भांडारवाल्यांनी वहीत बघून काढली, म्हणजे ती खरी चौदा नंबरची. ती चालली नाही. कंपनीचा रंगही खरा, तोही चालला नाही. मग चालली ती एकटी माझ्या हातची. म्हणजे ती चौदा नंबरची नव्हतीच, ठमे. सप्टेंबरात फळ्या रंगवल्या होत्या, डबे खाली-वर झाले होते. मी नेहमीसारखा बोटावर कण घेतला, म्हटलं हा चौदा, आणि पुडी बांधली.

खात्री करायला मी मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, आपल्या पाचही निळ्यांचा एकेक थेंब टिपकागदावर टाका आणि मला ओळखायला लावा. त्यांनी टाकले. पाचांतले दोन ओळखले. चौदा आणि सतरा तर मला जुळी भावंडं दिसली. मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, सतरा तर हिरवट आहे.” मला हल्ली सगळंच हिरवट दिसतं गं. मग पडद्यांच्या लॉटचंही कबूल केलं. ट्यूबलाईटचा दोष नव्हता, माझा होता. मला वाटलं, आता घरी बसवतील. त्या खुर्चीवरून उठल्या, मला पाणी दिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. बावीस तारखेला पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.

सोबत पाच पुड्या आहेत. आमचे पाचही निळे. प्रत्येक मशीनवर मोजलाय, आकडे पुडीवर आहेत, अक्षर मालकीणबाईंचं. एकाही पुडीला मी हात लावलेला नाही.

तुझं नुकसान माझ्या हातून झालं. मला वाटायचं, नजर गेली तर माझं काही उरणारच नाही, म्हणून लपवत बसले. तुला सांगायला हवं होतं.

आत्या

२९ मार्च

आत्या,

तुझं पत्र मला सोमवारी सकाळी मिळालं, मॅडमच्या खोलीत जायच्या वीस मिनिटं आधी. ते घेऊनच आत गेले आणि त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. गॅसपाशी त्या हसल्या. पाच पुड्यांपाशी उठून उभ्याच राहिल्या.

सतरा! आत्या, सतरा नंबर! पहिल्या काचेत आला. मी तिथेच खाली बसले, स्टूलही ओढलं नाही. दुसऱ्या काचेत आला. तिसरी मॅडमनी स्वतः भरली, मला खोलीबाहेर काढून, आणि आतून ओरडल्या. ‘हं’ नव्हे, ओरडल्या. बाकीचे चार निळे ठिपके धरून बसले.

आता कळतंय ते असं. सतराचा रेणू लांब, सडपातळ, आणि विद्युतभार एकाच टोकाला. तो टोक मिठाच्या भारापाशी ठेवतो आणि अंग शेपटांच्या रांगेत सोडतो. चौदाचा रेणू रुंद, भार दोन्ही बाजूंना. तो रांगेत मावतच नाही. मी दोन महिने मावेल मावेल म्हणून ज्याला ढकलत होते तो मावणारा नव्हता.

नुकसान तू केलंस म्हणतेस, तर माझा हिशेबही ऐक. तो सव्वीसचा फरक आठवतो? ज्यावर मी लेखाचं नाव ठेवलं? मिठानं रंगाचा स्वभाव वगैरे काही बदललेला नाही. तो रंगच दुसरा होता. साध्या अल्कोहोलमध्ये तुझ्या पुडीतला कण विरघळवून मोजला असता, तर दहा मिनिटांत कळलं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही हेच शिकवतो. मी मोजलं नाही. पुस्तकातला आकडा उचलला. का, माहितीये? आत्यानं चौदा म्हटलंय म्हणजे चौदा. आपल्या घरात तुझ्या नजरेवर कुणी कधी शंका घेतलीय? मॅडमनी विचारलं, “रंग तपासला होतास?” मी “नाही” म्हटलं. तोंडात मारल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

संपादकांना सगळं लिहिलं. रंग चुकीचा ओळखला होता, तो सरकण्याचा दावा खोटा, तो काढतोय. रांगेत उभं राहण्याचा भाग खरा, पण दुसऱ्या रंगाचा, तीन काचांचे आकडे जोडलेत. ठेवतील की फेकतील माहीत नाही. फेकला तरी जूनपर्यंत प्रकरण लिहून होईल, कारण आता त्यात खोटं काही नाही. 

बावीस तारीख होऊन गेली. बाबा तिकडे आहेत म्हणून धीर आहे. ते सांगतात, तू डॉक्टरांना त्यांच्या भिंतीचा रंग बदलायला सांगितलास. खरं का?

ठमी

१२ एप्रिल

ठमे,

खरं आहे. भिंत मला इतके दिवस मलईसारखी वाटत होती. पट्टी काढली तर पांढरीफटक, आणि त्यात एक पॅच निळसर. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या रंगाऱ्यानं दोन डबे वेगळे वापरलेत. ते म्हणाले, आजी, पहिल्यांदा पेशंटनं मला नावं ठेवली. ‘आजी’ म्हणाले ते मात्र मला आवडलं नाही.

आता एक डोळा नवा, एक जुना. जुना मिटला की आभाळ निळं, नवा मिटला की आभाळ चहाच्या पाण्यासारखं. मी आणि तुझा बाप गच्चीवर बसतो, मी डोळे आलटून पालटून मिटते आणि तो म्हणतो, ताई, खाली लोक बघतायत. ठमे, किती निळं असतं गं सगळं! शेजारच्यांच्या पायपुसण्याचासुद्धा निळा इतका सुरेख, मी त्यांना जाऊन सांगितलं. आणि माझ्या खोलीतला पडदा, जो मी राखाडी म्हणून वर्षभर लावलाय, तो जांभळा आहे. चक्क जांभळा. कुणी बोललं कसं नाही? तर म्हणे, तुम्ही रंगातल्या, तुम्हाला कोण सांगणार.

हेच तर झालं ना तुझंही.

मालकीणबाई येऊन गेल्या. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा झाला, की कामावर या म्हणाल्या. नजर आधी, मशीन नंतर, दोन्हींचं जुळलं तरच लॉट बाहेर. मी म्हटलं, नाही जुळलं तर? त्या म्हणाल्या, मग दोघांनाही पुन्हा तपासू. मला हे पटलं. पडद्यांचा लॉट पुन्हा रंगवून दिला, मशीनवर टिक करून. डब्यांना आता पत्र्याचे नंबर ठोकलेत, वाफेनं गळणार नाहीत.

तुझ्या लेखाचं काय झालं? दररोज दुपारी पोस्टमनची वाट बघते. त्याच्या शर्टाचा रंगही उडालाय, पण त्याला बोलले नाही.

आत्या

२१ मे

आत्या,

घेतला! लेख घेतला!

आणि नुसता घेतला नाही. त्या कडक परीक्षकांनी काय केलं ऐक. कुठे असतात, कोण आहेत, आम्हाला कळतही नाही. त्यांनी आमची दुरुस्त कृती वाचून स्वतःच्या लॅबमध्ये काच भरली, स्वतःचा रंग आणून. त्यांनाही आला. आकडा आमच्यापेक्षा किंचित चांगलाच. त्यांनी लिहिलंय, ‘लेखकांनी आपली चूक स्वतःहून कळवली म्हणून आम्ही वेळ काढून पाहिलं.’ मॅडमनी ते वाक्य छापून दारावर चिकटवलंय. प्रबंध जूनमध्ये जातो. मी आज दिवसभर जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढतेय.

एक अडलंय. लेखाच्या शेवटी आभार असतात आणि तिथे मला तू हवी आहेस. पण रंग बदलला कसा हेही लेखात सांगावं लागेल. मी असं लिहिलंय: ‘रंगाचे नमुने पुरवल्याबद्दल एका रंगखात्यातील अनुभवी तज्ज्ञांचे आभार. सुरुवातीच्या नमुन्याची ओळख पटवण्यात काही तांत्रिक अडचणी आल्या.’ यात तुला कुठेही कमीपणा नाही. चालेल ना? महिनाअखेरपर्यंत पाठवायचंय.

ठमी

२४ मे

ठमे,

अभिनंदन! परवा दुसरा डोळा झाला. एकच फरक: तुझं पत्र चष्म्याविना वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा रडत वाचलं, डॉक्टरांनी मना केलेलं असूनही.

पण ते आभाराचं वाक्य खोडून टाक. ‘काही तांत्रिक अडचणी’ म्हणजे काय? मी काय गंजलेला नळ आहे? असं गुळमुळीत लिहिलंस तर पुढे कुणीतरी पोर तो लेख वाचेल, चौदा नंबरचा रंग आणेल आणि वर्षभर काचा भरत बसेल. सरळ लिही: पहिली पुडी चुकीच्या डब्यातून आली आणि आम्ही ती तपासली नाही. पहिलं अर्धं माझं, दुसरं अर्धं तुझं. दोघींना पुरेल.

आणि माझं नाव पूर्ण घाल, आडनावासकट. मोठ्या माणसांच्या सभेत तुला कुणी उभं करून विचारलं, की ही चूक कुणी केली, तर लाजू नकोस. सांग, माझ्या आत्यानं. मग ते विचारतील, पकडली कुणी? तेव्हाही मान वर करून सांग, तिनंच.

आत्या